मान अखडली, गिळताना कळ येते आणि स्कॅनमध्ये घशामागे पाणी दिसतंय : लगेच ऑपरेशन करायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून उत्तर देतोय ते तुम्हाला कळेल. तुमच्या ताई ४४ वर्षांच्या. चार दिवसांपूर्वी सकाळी उठल्या तेव्हा मान अखडलेली होती. उशीमुळे झालं असेल म्हणून बाम लावला, शेक घेतला. दुसऱ्या दिवसापासून आवंढा गिळतानाही कळ येऊ लागली. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण, ताप ९९.८. रक्तात पांढऱ्या पेशी ११,८००, सीआरपी (शरीरात कुठे सूज आहे का हे सांगणारी रक्ताची तपासणी) थोडं वाढलेलं. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की घशाच्या मागच्या पोकळीत द्रव आहे आणि गळवाची शक्यता नाकारता येत नाही. एका डॉक्टरांनी आजच भूल देऊन पू काढून टाकू असं सांगितलं. दुसऱ्यांनी तीच सीडी लावून पाहिली आणि म्हणाले, हा पू नाही, मानेच्या पुढच्या बाजूच्या कंडरेत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यात) कॅल्शियम साठून सूज आली आहे, वेदनाशामक औषधांवर बरं होईल. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकायचं? ताई रोज कॅल्शियमची गोळी घेतात, त्यामुळे हे झालं का? आणि पुन्हा होईल का?

मी ताईंना तपासलेलं नाही आणि तो स्कॅनही पाहिलेला नाही. त्यामुळे दोघांपैकी कोण बरोबर हे मी इथून सांगणार नाही. पण घशामागे द्रव आहे याबद्दल दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे, हे लक्षात घ्या. मतभेद आहे तो हा द्रव जंतूंमुळे झालाय की कंडरेच्या सुजेमुळे, एवढ्यावरच. आणि हे ठरवायला हाताशी किती वेळ आहे हे ताईंचा श्वास, ताप, साखर आणि स्कॅनमधल्या दोन-तीन ठरावीक खुणा यांवर अवलंबून आहे. गेली बरीच वर्षं मी कान-नाक-घशाची सर्जरी करतोय. असे रुग्ण क्वचित येतात, पण येतात तेव्हा नेमका हाच पेच असतो.

आधी जागा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण आ करतो तेव्हा पडजिभेच्या मागे जी ओलसर भिंत दिसते, तिच्या मागे घशाचा पातळ स्नायू असतो. त्याच्या मागे एक निरुंद, एरवी जवळजवळ रिकामी फट असते. या फटीच्या मागे मणक्यांच्या पुढच्या अंगाला चिकटून दोन्ही बाजूंनी एकेक लांबट स्नायू उतरतो, त्याला लाँगस कोलाय म्हणतात. मान पुढे वाकवणं आणि स्थिर धरणं हे त्याचं काम. तो पहिल्या मणक्यापासून छातीच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत पसरलेला असतो. त्याचे वरचे तिरपे धागे एकत्र येऊन पहिल्या मणक्याच्या पुढच्या उंचवट्यावर एका चिवट पट्ट्याने जोडले जातात. हा पट्टा म्हणजेच कंडरा, आणि आजार होतो तो इथे.

या कंडरेत कधी कधी हायड्रॉक्सिॲपटाइट नावाच्या कॅल्शियमच्या क्षाराचा बारीक साठा तयार होतो. खांद्याच्या कंडरेत होतो तोच प्रकार, फक्त जागा वेगळी. खांद्याचा त्रास पुष्कळांना होतो म्हणून सगळ्यांना माहीत आहे. मानेतला हा साठा बराच काळ काहीही न बोलता पडून राहू शकतो. एक दिवस तो फुटतो किंवा शरीर तो विरघळवू लागतं, स्फटिक आजूबाजूला सांडतात आणि तिथे जोरदार सूज येते. डोळ्यात कुसळ गेलं की डोळा जसा पाण्याने भरतो, तसं या सुजेमुळे घशामागच्या फटीत पाणी जमतं. त्या पाण्यात जंतू नसतात. स्कॅनवर मात्र ते फटीत भरलेला द्रव म्हणूनच दिसतं, आणि त्या जागी द्रव पाहिला की कुठल्याही सर्जनच्या मनात पहिला शब्द गळू हाच येतो. तो यायलाच हवा.

आता दोन्ही लक्षणांचा मेळ लागतो. गिळताना प्रत्येक वेळी घशाची मागची भिंत या स्नायूंवरून वर-खाली सरकते, म्हणून घसा लाल नसतानाही आवंढा गिळताना चमक येते. मान वळवताना हाच स्नायू ताणला जातो, म्हणून मान लाकडासारखी होते असं रुग्ण सांगतात. मान दुखणं, मान अखडणं आणि गिळताना दुखणं हे त्रिकूट एक-दोन दिवसांत अचानक उभं राहिलं, आणि माणूस ३० ते ६० च्या मधला असला, तर हा आजार माझ्या यादीत येतोच. बारीक ताप, पांढऱ्या पेशींत थोडी वाढ, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची आणखी एक तपासणी) आणि सीआरपी वाढलेलं हे सगळं यात असू शकतं. ताईंच्या रक्ताच्या आकड्यांवरून पू आहे किंवा नाही असं कोणी ठामपणे सांगत असेल तर ते मला पटणार नाही.

हा आजार नवा नाही. १९६४ साली हार्टली नावाच्या डॉक्टरांनी घशामागच्या कॅल्शियमच्या साठ्यामुळे मान अचानक दुखण्याचं वर्णन केलं होतं. तो साठा हायड्रॉक्सिॲपटाइटचाच असतो हे १९९४ मध्ये ऊतीची तपासणी करून दाखवलं गेलं. तरीही हा आजार सर्रास निसटतो. इस्राएलमधल्या एका पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला जेमतेम अर्धा रुग्ण असं प्रमाण निघालं. माझी धारणा आहे की खरं प्रमाण याहून जास्त असावं, कारण हा आजार आपोआप बरा होतो. मान लचकली म्हणून कोणी वेदनाशामक देतं, घशाचं इन्फेक्शन म्हणून कोणी त्याच्या जोडीला ॲन्टिबायोटिक देतं, आठवड्यात बरं वाटतं आणि श्रेय ॲन्टिबायोटिकला जातं. स्कॅन न झाल्यामुळे कॅल्शियम कोणी पाहिलेलंच नसतं.

मग सगळ्यांनाच गोळ्या देऊन घरी का पाठवत नाही? कारण त्याच फटीत खरा पू असेल तर तो फार धोक्याचा असतो. ही जागा खाली थेट छातीच्या मधल्या पोकळीशी जोडलेली आहे. पू खाली उतरला तर हृदयाभोवती पोचतो. पुढे फुगला तर श्वासनलिकेचं तोंड दाबतो. म्हणून ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं त्यांच्याबद्दल मनात राग धरू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र असतं आणि ते खरं आहे.

लहान मुलांत घशामागे गळू होणं जास्त दिसतं, कारण त्या फटीत लसीकाग्रंथी असतात आणि सर्दी-घशाच्या इन्फेक्शनमधून त्या पिकतात. चार-पाच वर्षांनंतर या ग्रंथी आकसून जातात. त्यामुळे मोठ्या माणसात तिथे पू झाला असेल तर मी त्याचं कारण शोधतो. माशाचा काटा टोचला होता का? मटणाचं हाड? दाताचं किंवा टॉन्सिलचं दुखणं अलीकडे होतं का? घशात नळी किंवा दुर्बीण घातली होती का? कोकणात आणि गोव्यात मासे रोजच्या जेवणात असतात. तिथला रुग्ण असेल तर काट्याचा प्रश्न मी दोनदा विचारतो, कारण काटा निघून गेला असं वाटलं तरी त्याने केलेल्या छिद्रातून जंतू आत गेलेले असतात. कारण सापडलं तर पारडं गळवाकडे झुकतं. सापडलं नाही तर कॅल्शियमची शक्यता वर येते, पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही.

आपल्याकडे आणखी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे क्षयरोग. मानेच्या मणक्याचा टीबी असेल तर मणक्यातून पाझरलेला पू याच ठिकाणी, मणक्यांच्या पुढे साठतो. त्याला थंड गळू म्हणतात, कारण बाहेरून लालसरपणा किंवा गरमपणा नसतो. या रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी असते. दुखणं चार दिवसांचं नसतं, काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असतं. संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं, भूक मेलेली. घरात कोणाला टीबी झालेला असतो किंवा पूर्वी स्वतःला झालेला असतो. स्कॅनवर मणक्याचं हाड खाल्लेलं दिसतं, दोन मणक्यांमधली चकती ढासळलेली असते. इथे एक फसवी गोष्ट आहे, ती नीट लक्षात ठेवा : टीबीच्या जुन्या गळवातही कॅल्शियम असू शकतं. त्यामुळे नुसतं कॅल्शियम दिसलं एवढ्यावर खूश होऊन चालत नाही. ते कुठे आहे आणि शेजारचं हाड कसं आहे हे पाहावं लागतं. उलट दिशेनेही घाई होते. घशामागे द्रव दिसला आणि सीआरपी वाढलेलं आहे एवढ्यावर कोणी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करतं. मणक्याच्या टीबीचा कोर्स अनेक महिन्यांचा असतो, गोळ्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो. पुराव्याशिवाय तो सुरू करणं मला मान्य नाही. टीबीची खरी शंका असेल तर एमआरआय करावा, द्रव सुईने काढून सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला) पाठवावा आणि मग ठरवावं.

आता स्कॅनकडे. तुमच्या हातात सीडी आहे, तर पुढचा सल्ला घेताना ती रेडिओलॉजिस्टसमोर बसून पाहायला सांगा. कागदावरच्या दोन ओळींवर अवलंबून राहू नका. मी काय पाहतो ते सांगतो.

सगळ्यात आधी कॅल्शियम. ते पहिल्या मणक्याच्या पुढच्या कमानीच्या अगदी खाली, दुसऱ्या मणक्याच्या समोर असतं. आकार ओबडधोबड, कडा धूसर, आकार बऱ्याचदा काही मिलिमीटरचाच. मऊ भाग पाहण्याच्या सेटिंगवर ते हाडाचाच तुकडा वाटून नजरेतून सुटू शकतं. हाडांच्या सेटिंगवर, बाजूने कापलेल्या चित्रात ते स्पष्ट दिसतं. रेडिओलॉजिस्टला फक्त 'गळू आहे का पाहा' एवढंच लिहून पाठवलं असेल तर ते गळूच शोधणार. 'मान अचानक अखडली आहे, गिळताना दुखतंय, ताप कमी आहे, लाँगस कोलायमध्ये कॅल्शियम आहे का पाहा' असं लिहिलं तर तेच डोळे नेमक्या जागी जातात. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तीच सीडी पाहून वेगळं सांगितलं यात मला काही विचित्र वाटत नाही. एकाच स्कॅनमध्ये दोन्ही गोष्टी असतात आणि प्रश्न जसा विचारावा तसं उत्तर मिळतं.

दुसरी खूण द्रवाची. कंडरेच्या सुजेचं पाणी फटीत वरपासून खालपर्यंत एकसारखं, गुळगुळीत पसरतं. त्याला स्वतःची भिंत नसते. पक्व गळवाभोवती मात्र शिरेतून दिलेल्या रंगद्रव्यामुळे चमकणारी कड दिसते, ते एका जागी फुगतं आणि घशाची भिंत पुढे ढकलतं. म्हणून असा स्कॅन शिरेतून रंगद्रव्य देऊन करायला हवा. साधा स्कॅन कॅल्शियम दाखवेल, पण कड दाखवणार नाही. यातही एक मर्यादा आहे : पू तयार व्हायच्या अगदी सुरुवातीला कड उमटलेली नसते. त्यामुळे कड नाही एवढ्यावर मी कधीच कोणाला निर्धास्त करत नाही. कड नाही, कॅल्शियम ठरलेल्या जागी आहे, हाडं शाबूत आहेत, ग्रंथी सुजून पिकलेल्या नाहीत, कुठे हवेचा बुडबुडा नाही, आणि माणूस आजारी दिसत नाही. हे सगळं एकत्र जुळलं तर मी कॅल्शियमचा आजार म्हणतो. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर मी थांबतो.

एमआरआय करावा का, असं बरेच जण विचारतात. द्रव आणि सूज एमआरआयवर उत्तम दिसते, मणक्याच्या आतली सूज आणि मज्जारज्जूजवळचा पू पाहायला तो सीटीपेक्षा चांगला. पण कॅल्शियम त्यावर सहज हुकतं. म्हणून फक्त एमआरआय झाला असेल आणि गोंधळ असेल तर मी मानेचा सीटी मागतो. जिथे सीटी लगेच मिळत नाही तिथे बाजूने घेतलेला मानेचा साधा एक्स-रेही काही सांगतो. दुसऱ्या मणक्यासमोरच्या मऊ भागाची जाडी मोठ्या माणसात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत असते, त्याहून जास्त असेल तर काहीतरी सुजलं आहे हे नक्की. कधी कधी कॅल्शियमचा ठिपकाही त्यावर दिसतो. पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणून शंका सोडायची नाही.

मान अखडणं आणि ताप म्हणजे मेंदूज्वर तर नाही ना, ही भीतीही योग्यच आहे. मेंदूज्वरात डोकं जबर दुखतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही, माणूस गोंधळलेला किंवा झोपाळलेला असतो, आणि हनुवटी छातीला लावताना सर्वात जास्त अडतं. कंडरेच्या आजारात मान सगळ्याच दिशांना अडते, माणूस शुद्धीत असतो, नीट बोलतो, फक्त मान वळवायला पूर्ण अंग वळवतो. तरीही शंका उरली तर पाठीतलं पाणी तपासायला मागे-पुढे पाहू नये. मानेत एकाएकी भयंकर कळ आली आणि सोबत चक्कर, एका डोळ्याची पापणी खाली येणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा हात-पाय लुळे पडणं असेल तर तो मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीचा प्रश्न असू शकतो. तिथे एक तासही घालवू नका. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती क्षार साठूनही मान अशीच अखडते आणि ताप येतो. तो वेगळा आजार आहे, पण तोही सीटीवरच सापडतो.

माझ्याकडे असा रुग्ण आला तर मी काय करतो? पहिल्यांदा श्वास. बोलताना आवाज घोगरा किंवा तोंडात गरम बटाटा असल्यासारखा येतोय का, लाळ गिळता न आल्यामुळे बाहेर गळतेय का, तोंड उघडतंय का, झोपवलं की जीव गुदमरतोय का. यातलं काही असेल तर तो रुग्ण आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमध्येच हवा आणि स्कॅनची चर्चा नंतर. यातलं काही नसेल तर बारीक दुर्बिणीने घसा पाहतो. कंडरेच्या आजारात मागची भिंत किंचित पुढे आलेली दिसते, पण ती लालभडक किंवा पिवळट नसते. मग साखर, किडनीची तपासणी, सीबीसी, सीआरपी आणि रंगद्रव्याचा सीटी.

सीटीत सगळं जुळलं तरी पहिल्या रात्री मी बहुतेकांना घरी पाठवत नाही. ॲडमिट करून ठेवतो. कारण या आजारात उपचाराचं उत्तर लवकर मिळतं. सूज उतरवणारं वेदनाशामक सुरू केल्यावर २४ ते ७२ तासांत मान थोडी सैल होते, गिळणं सोपं होतं, सीआरपी खाली येऊ लागतं. या काळात ताप चढत गेला, सीआरपी वाढत गेलं किंवा गिळणं आणखी अवघड झालं, तर माझा अंदाज चुकीच्या बाजूला आहे असं धरून मी पुन्हा स्कॅन करतो. सुरुवातीला शंका होती म्हणून ॲन्टिबायोटिक चालू केलेलं असेल तर ते काही गैर नाही. चित्र स्पष्ट झालं की थांबवावं. पू नसताना सलाईनमधून दहा-बारा दिवस महागडी ॲन्टिबायोटिक देत राहण्याला अर्थ नाही.

अगदीच ठरत नसेल तर तोंडातून सुई घालून तो द्रव ओढून पाहता येतो. कॅल्शियमच्या आजारात एक तर काही येत नाही, किंवा थोडं पातळ पाणी येतं आणि त्यात जंतू वाढत नाहीत. चिरा देण्याआधीची ही पायरी मला जास्त पटते. पण त्यासाठीही भूलतज्ज्ञ आणि श्वासाची सोय जवळ हवी. घशाची मागची भिंत उघडणं ही छोटी गोष्ट नाही. सुजलेल्या घशात भुलेची नळी घालणं जोखमीचं असतं, रक्तस्राव होऊ शकतो, आणि जंतू नसलेल्या जागेत आपणच जंतू नेऊ शकतो. पू असेल तर ही सगळी जोखीम घ्यायलाच हवी. पू नसेल तर ती फुकट जाते.

लहान मूल असेल तर मात्र माझा सगळा कल उलटा असतो. मुलांत हा कंडरेचा आजार जवळजवळ नसतोच, तिथे गळू धरूनच चालतो. तसंच साखर ताब्यात नसलेला रुग्ण, डायलिसिसवरचा, केमोथेरपी घेणारा किंवा बराच काळ स्टेरॉइड घेणारा. यांच्या शरीरात पू असूनही कधी कधी ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. 'ताप कमी आहे म्हणजे पू नाही' हे त्यांना लागू नाही. तुम्ही ताईंच्या साखरेबद्दल काही लिहिलेलं नाही. ती तपासली नसेल तर आजच तपासा, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा अनुत्तरित प्रश्न हाच आहे.

औषधांचं म्हणाल तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन या गटातलं एक औषध नियमित वेळेवर, पोटाच्या गोळीसोबत, एक ते दोन आठवडे. दुखलं की घ्यायचं असं नाही, कारण इथे वेदनेपेक्षा सूज उतरवणं महत्त्वाचं आहे. ज्यांना पाणीही गिळवत नाही अशांना मी थोडे दिवस स्टेरॉइड देतो आणि फरक बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच दिसतो. पण टीबी आणि पू या दोन्ही शक्यता बाजूला केल्याशिवाय स्टेरॉइड द्यायचं नाही, आणि मधुमेह असेल तर साखर रोज पाहायची. किडनीचा त्रास, अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर वेदनाशामकाची निवड बदलते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपल्याकडे डेंग्यू जोरात असतो. ताप आणि अंगदुखी असेल तर आधी प्लेटलेट पाहाव्यात आणि मगच आयबुप्रोफेनसारखी औषधं द्यावीत. तोपर्यंत पॅरासिटामॉल. गरोदरपणातही ही औषधं स्वतःहून घेऊ नयेत.

मऊ कॉलर दोन-तीन दिवस आराम देतो, त्याहून जास्त लावून ठेवू नका, नाहीतर मानेचे स्नायू आणखी ताठरतात. खाणं मऊ आणि कोमट : पेज, खिमट, मऊ भात-वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, ताक. एका घासात दुखतं म्हणून दिवसभर काहीच न पिणारे रुग्ण येतात आणि त्यांना सलाईन लावावं लागतं ते फक्त पाणी कमी पडल्यामुळे. थोडं थोडं पण सारखं प्यायला द्या.

एक विनंती कळकळीने करतो. मान अखडली की गावात कोणीतरी मान 'काढून' देणारा असतो, झटका देऊन कटकन आवाज काढतो. जोरात मालिश करणारेही असतात. ताप असताना आणि गिळताना दुखत असताना अखडलेली मान कोणाच्याही हातात देऊ नका. कंडरेची सूज असेल तर दुखणं वाढेल. मणक्याचा टीबी असेल आणि हाड पोखरलेलं असेल तर एका झटक्यात हात-पाय जाऊ शकतात.

कॅल्शियमच्या गोळीबद्दल. खाण्यातल्या किंवा गोळीतल्या कॅल्शियममुळे हा साठा होतो असं नाही. या रुग्णांच्या रक्तातलं कॅल्शियम सहसा नॉर्मल असतं. कंडरेच्या आतल्या पेशींच्या पातळीवर, रक्तपुरवठा आणि झीज यांच्या गणितातून हा क्षार तिथे बसतो, आणि तो नेमका कोणात बसेल हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी ताईंना हाडांसाठी गोळी सुरू केली असेल तर या कारणासाठी ती बंद करायची गरज नाही. दूध-दही सोडायचीही गरज नाही. कॅन्सरशीही याचा संबंध नाही.

पुन्हा होईल का? क्वचित होतो. बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो, एक-दोन आठवड्यांत मान मोकळी होते, आणि साठाही हळूहळू विरून जातो.

आता उद्यासाठी. ताईंना श्वासाचा त्रास नसेल, लाळ गिळता येत असेल, साखर ठीक असेल, तर पहिल्या डॉक्टरांना आदराने हे विचारा : 'स्कॅनमध्ये पहिल्या मणक्याच्या खाली कॅल्शियम दिसतंय का, द्रवाभोवती कड आहे का, मणक्यांचं हाड शाबूत आहे का, हे रेडिओलॉजिस्टसोबत पाहून सांगाल का? आणि ॲडमिट ठेवून एक-दोन दिवस पाहण्यात धोका आहे का?' चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. उत्तर 'कड स्पष्ट आहे, हवा आहे' असं आलं तर ऑपरेशनला हो म्हणा आणि वेळ घालवू नका. उत्तर 'कॅल्शियम आहे, कड नाही' असं आलं तर हॉस्पिटलमध्येच राहून औषध घ्या. घरी नेऊन वाट पाहू नका. तुमच्या गावापासून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण रात्री श्वास अडला तर दोन तास फार असतात.

बऱ्या झाल्यावर पुन्हा स्कॅन करायची गरज बहुतेकांना पडत नाही. दुखणं गेलं, मान वळली, सीआरपी खाली आलं, एवढं मला पुरतं. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही मान अडकत असेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल किंवा हातात मुंग्या येत असतील, तर मानेचा एमआरआय करून मणके पाहायला हवेत आणि टीबीचा प्रश्न नव्याने उघडायला हवा. तेव्हा आत्ताचा स्कॅन तुलनेला लागतो, म्हणून सीडी आणि रक्ताचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा.